बंदराला समुद्र लागतोच असं नाही

रावेर तालुक्यातून एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलंय. ते लिहितात, 'मुलगा बारावी कॉमर्सला आहे. मोबाइलवर जर्मनीतल्या डुइसबर्ग बंदराचे व्हिडिओ बघत बसतो अन् म्हणतो, मला बंदरातच काम करायचंय. आपल्याकडे समुद्र नाही, तापीत साधी नाव दिसत नाही. एक संस्था साडेतीन लाखांत कोर्स अन् जर्मनीत नोकरीची हमी देतेय. पैसे भरू का?'

नमस्कार भाऊ,

आधी पैशांचं सांगतो. भरू नका. जर्मनीत मालवाहतुकीचं काम शिकायचा रुळलेला रस्ता म्हणजे आउसबिल्डुंग, साधारण तीन वर्षांची उमेदवारी. त्यात कंपनी शिकणाऱ्याकडून फी घेत नाही, उलट त्यालाच दरमहा पगार देते. अट असते ती जर्मन भाषा चांगली येण्याची. नोकरीची हमी विकणाऱ्यापेक्षा भाषेचा क्लास कधीही बरा.

आता मुलाचं. त्याने जे बंदर निवडलंय, त्यालाही समुद्र नाही! डुइसबर्ग ऱ्हाइन आणि ऱ्हूर नद्यांच्या संगमावर आहे, नदीमार्गे समुद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आत. तरी ते जगातलं सर्वांत मोठं नदीबंदर मानलं जातं. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात मोठ्या जहाजांतून उतरलेले कंटेनर नदीतल्या जहाजांवरून इथे येतात, आणि पुढे रेल्वेने, ट्रकने युरोपभर जातात. २०११ पासून चीनमधल्या चोंगछिंगहून मालगाड्याही इथवर येऊ लागल्या. माल एका वाहनावरून दुसऱ्यावर चढतो, त्या जागी गाव पोसलं जातं. भुसावळ जंक्शनशेजारी राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या गावाने वाईट दिवसही पाहिलेत. ऱ्हाइनहाउझेन भागातला क्रुपचा पोलाद कारखाना १९९३ मध्ये बंद झाला, त्याआधी कामगारांनी मोठा लढा दिला होता. पुढे त्याच जमिनीवर गोदामं आणि कंटेनर टर्मिनल उभी राहिली.

मुलाला क्रेन आवडत असेल, वयच तसं आहे. पण त्याला २०१८ सालची गोष्ट सांगा. त्या वर्षी पाऊस फारच कमी झाला, ऱ्हाइन आटली. काउब या गावच्या पाणी मोजायच्या पट्टीवर आकडा २५ सेंटिमीटरवर आला. पट्टीवरचा आकडा म्हणजे पूर्ण खोली नव्हे, तरी जहाजं पूर्ण भरणं अशक्य झालं. एरवी ११० मीटरचं एक जहाज अडीच-तीन हजार टन नेतं. आता त्यातलं किती टन पाण्यातून पाठवायचं, किती रेल्वेवर चढवायचं, कोणता कारखाना थांबू शकतो आणि कोणता नाही, हे रोज सकाळी कुणीतरी ठरवत होतं. खरं करिअर त्या टेबलावर आहे.

आणि ते टेबल तुमच्या शिवाराजवळही आहे. रावेर-सावद्याकडे मी एका पॅकहाऊसवर पहाटेपर्यंत थांबलो होतो. फण्या सोडवून, तुरटीच्या पाण्यातून काढून, तेरा-तेरा किलोचे खोके भरले होते. रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरचा पारा तेरा अंशांच्या आसपास हवा, कारण त्याखाली गेला की केळीची साल काळवंडते. माल चोख होता. पण कागदावर कंटेनर क्रमांकाचा एक अंक चुकला होता. तो दुरुस्त होईपर्यंत गाडी जागची हलली नाही, जनरेटर धडधडत राहिला आणि शेतकरी दाराशी उकिडवा बसून होता. त्याच्या वर्षाच्या कष्टाचे वीस टन त्या एका अंकावर अडकले होते. हे ज्याला नीट जमतं, त्या माणसाची फार गरज आहे, भाऊ.

तापीचं म्हणाल तर २०१६ च्या कायद्यातल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांत तिचं नाव आहे. म्हणून लगेच हतनूर धरणाला जहाज लागेल असं समजू नका. आपला माल अजून रस्त्याने, रेल्वेने मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला जातो.

कॉमर्सच्या मुलाला बीबीए लॉजिस्टिक्स, म्हणजे मालवाहतूक आणि साठवणुकीच्या व्यवस्थापनाची पदवी, योग्य. त्यातही लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिलशी जोडलेला, ज्यात शिकतानाच कंपनीत उमेदवारी आणि विद्यावेतन असतं, असा कोर्स मिळाला तर उत्तम. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीतही बीबीए आहे, आणि पुढे बंदर व्यवस्थापनात एमबीए करता येतं. बीकॉम करून कस्टम ब्रोकरकडे, म्हणजे आयात-निर्यातीचे सीमाशुल्काचे कागद करणाऱ्याकडे लागला, त्या कामासाठीची जी-कार्डची परीक्षा दिली, तरी वाट चांगली आहे. जर्मन मात्र आजपासून सुरू करू द्या.

परीक्षा संपली की त्याला महिनाभर ओळखीच्या पॅकहाऊसवर पाठवा. खोके मोजायला नको, कागद करणाऱ्याच्या शेजारी बसवा. एक गाडी भरल्यापासून न्हावाशेव्याच्या गेटवर पोचेपर्यंत वहीत वेळा लिहू दे: कुठे थांबली, का थांबली. ती वही घेऊन दोघेही मला भेटायला या. कॉलेजचा फॉर्म आपण त्यानंतर भरू.