मी ‘नाही’ म्हणायला लागल्यापासून जवळचेच तुटक वागतात. हे अवघडलेपण कधी जातं?

तुम्ही लिहिलंय की सगळ्यांच्या मर्जीनं वागणं सोडलं आणि तुम्हालाच अपराधी वाटायला लागलं. माझं सांगते. मी इचलकरंजीत राहते, नवरा वारलाय.

आमच्या जवळच, शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला : नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ते वाचून मी परत टिकली लावायला लागले.

पण ठरावानं सवय मोडत नाही. संक्रांतीला शेजारी गेले. तिळगूळ मिळाला, वाण मिळालं. करंडा घेऊन फिरणारी सून माझ्यापाशी आली आणि तिचं बोट कुंकवातच थांबलं. सासूकडे बघायला लागली. मी कपाळ पुढं केलं, तिनं लावलं. मग सगळ्याजणींना एकदम उखाणे आठवले!

परक्यांचा त्रास नसतो. बँकेत, भाजीवाल्याकडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. बोलल्या त्या आई आणि जाऊबाई, आणि दोघींचे शब्द एकच : “आता हे काय नवीन?” आईला धास्ती होती, पोरीला लोक नावं ठेवतील. जाऊबाईंचं वेगळं होतं. कार्यात मी मागं राहायचे, म्हणजे ओटी-औक्षणाचा मान त्यांच्याकडे आणि पोळ्या माझ्याकडे, अशी वाटणी झाली होती. मी पुढं आले तर पोळ्या कोण लाटणार? म्हणून कोण काय म्हणतंय यापेक्षा त्याचं काय अडतंय ते बघा. आईला मी समजावत बसले. जाऊबाईंना म्हटलं, कार्य असलं की पोळ्यांना बाई लावू. निम्मी धुसफूस तिथंच थांबली.

महर्षी कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. आता 2016 च्या कायद्यानं सामाजिक बहिष्कार गुन्हा आहे. त्यामुळे आमच्या भावकीत कुणी वाळीत टाकत नाही, डोहाळजेवणाचा निरोप तेवढा ‘द्यायचा राहून जातो’.

एक करा, नवीन काही सुरू करायचं तर सणासमारंभाला नको, साध्या दिवशी करा. बघणाऱ्यांच्या डोळ्यांना हळूहळू सवय होते. आणि प्रत्येकाला कारणं देऊ नका, कारण दिलं की लोक ते खोडत बसतात.

अपराधी वाटणं मलाही होतं, आरशात बघताना सोंग घेतल्यासारखं वाटायचं. ते रोजच्या धबडग्यात कधी गेलं कळलंच नाही. हळदीकुंकवाला जाताना मात्र पोटात अजून गोळा येतो, तरी जाते.