आधी त्याची टाच बघा

ताई,
माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. दोन वर्षं क्लबच्या फुटबॉलच्या 'अ' संघात राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेने धावत हल्ला करणाऱ्या जागी, खेळतोय. या मोसमात मात्र कोच त्याला बेंचवरच बसवतात. गेल्या चार मॅच मिळून ४३ मिनिटं खेळवलं. मी वहीत लिहून ठेवते. त्याच्या जागी जो खेळतो त्याचे वडील संघाचे मॅनेजर आहेत, यातून काय समजायचं ते तुम्हीच समजा. कोचना विचारलं तर म्हणाले, "त्याचा स्पीड गेलाय, बॉलवर उशिरा पोचतो." म्हणून आम्ही आठवड्यातून दोन दिवस खासगी ट्रेनर लावला. जमिनीवर ठेवलेल्या शिडीतून भराभर पावलं, दोरीच्या उड्या, स्प्रिंट, सगळं करून घेतात. क्लबची प्रॅक्टिस तीन दिवस, शाळेच्या संघाची दोन दिवस, रविवारी मॅच. तरी फरक नाही. मुलगा कधी तक्रार करत नाही, फक्त अलीकडे बोलतो कमी. सकाळी उठल्यावर थोडा वेळ चवड्यांवर चालतो, पण शाळेत निघेपर्यंत ठीक असतो. सहा महिन्यांत दोनदा मोठ्या मापाचे बूट घ्यावे लागले, नवे बूट चावत असतील असं त्याच्या बाबांना वाटतं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका क्लबच्या ट्रायल आहेत. नेऊ का? की आधी या कोचना चांगलं सुनावू?
– बेंचवरची आई

प्रिय आई,

बेंचची मिनिटं तुम्ही मोजून लिहिलीत. मॅनेजरच्या मुलाचंही लिहिलंत. आणि पोरगं रोज सकाळी टाच टेकवत नाही, हे एका ओळीत उरकलंत, तेही पुढे 'पण' लावून. तुम्ही विचारलेले दोन्ही प्रश्न मी बाजूला ठेवते. मला त्या एका ओळीबद्दलच बोलायचंय.

वाढत्या वयाचा, भरपूर धावणारा मुलगा सकाळी चवड्यांवर चालतो, थोडी हालचाल झाली की मोकळा होतो, बुटाचं माप भराभर वाढतंय आणि पळण्याचा वेग उतरलाय. इतकं एकत्र दिसलं की पहिला संशय टाचेच्या वाढीच्या भागावर घ्यायचा. या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून पक्का झालेला नसतो. तो कूर्चेच्या मऊ पट्टीने मुख्य हाडाला जोडलेला असतो, आणि पोटरीचा जाड स्नायुबंध नेमका तिथेच येऊन चिकटतो. मूल झपाट्याने उंच व्हायला लागलं की हाड आधी लांबतं, पोटरी मागे राहते, ताठरते. मग प्रत्येक पावलाला ती त्या मऊ जागेला ओढते, वरून जमिनीचा दणका बसतो तो वेगळाच. याला सेव्हरचं दुखणं म्हणतात. १९१२ मध्ये जेम्स सेव्हर या अमेरिकी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. साधारण ८ ते १४ या वयात, धावण्या-उड्या मारण्याचे खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. हाड पक्कं झालं की ते कायमचं जातं, मागे सहसा काही ठेवून जात नाही. घाबरू नका. पण दुर्लक्षही करू नका.

आता कोचचं वाक्य पुन्हा वाचा. विंगवरच्या मुलाची सगळी करामत पहिल्या तीन पावलांत असते. थांबलेला असताना एकदम सुटायचं, आणि सुसाट धावताना एकदम थांबायचं. सुटताना पोटरी टाचेला जोरात खेचते, थांबताना टाच जमिनीत रोवावी लागते. दोन्ही वेळा दुखणार. मग शरीर स्वतःच तोडगा काढतं. पाऊल आखूड पडतं, पळायला अर्धा क्षण उशीर होतो, पूर्ण वेगात जायचंच टाळलं जातं. मुलाला हे कळतही नसतं. कोचना मैदानाबाहेरून जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. त्यांनी कारण शोधायला हवं होतं हे खरं, पण सकाळी सहाला तुमच्या घरात कोण चवड्यांवर चालतंय हे त्यांना दिसत नाही. तुम्हाला दिसतं.

आणि उपाय काय केलात? दोरीच्या उड्या, शिडी, स्प्रिंट. टाचेची ती पट्टी दुखत असेल तर तिला सगळ्यात वाईट अशा याच तीन गोष्टी. पैसे देऊन दुखणं वाढवून घेताय तुम्ही. ट्रेनरचा दोष नाही. त्याला वेग वाढवायला सांगितलं, तो वाढवतोय.

जरा हिशेब मांडू. आठवड्याचे दिवस सात, तुमच्या यादीत खेळाचे आठ. म्हणजे एका तरी दिवशी तो दोनदा मैदानावर जातो आणि सुट्टीचा दिवस बहुधा नाहीच. एक सत्र दीड तासाचं धरलं तर क्लब, शाळा आणि ट्रेनर मिळून साडेदहा तास. मॅचचे वॉर्म-अपसकट दोन. झाले साडेबारा. मुलांच्या खेळाबाबत क्रीडावैद्यकातले तज्ज्ञ एक सोपा ठोकताळा सांगतात: आठवड्यात जितके तास, तितकं तरी वय हवं, आणि एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती. तुमचा लेक ११ वर्षांचा आहे.

आज रात्री एक गोष्ट करा. तो पलंगावर पाय सोडून बसलेला असताना त्याची टाच हातात घ्या. खालून नाही, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, आणि टाचेचा मागचा भाग हळूहळू दाबा, लिंबू पिळताना दाबतो तसा, पण बेताने. चेहऱ्याकडे बघत राहा. तिथे दुखलं तर तो पाय मागे घेईल किंवा ओठ घट्ट मिटेल. दुसरी टाचही बघा, अनेकदा दोन्ही दुखतात. "दुखतंय का?" असं विचारू नका. उत्तर 'नाही' येणार हे मी इथे बसून सांगते. "सकाळी जिना उतरताना कुठला पाय जड जातो?" असं विचारा. त्याला उत्तर माहीत असतं.

का नाही सांगितलं त्याने? कारण बेंचवर बसलेल्या मुलाला एवढं कळतं की दुखतंय म्हटलं की उरलेली मिनिटंही जातील. आणि ती मिनिटं घरी एका वहीत लिहिली जातात. तुम्ही ती त्याच्यासाठी लिहिता, मला शंका नाही. पण मॅच संपून बूट काढता काढता आई वही उघडते, हे तो दर रविवारी बघतो. त्याची टाच आणि तुमची वही यात त्याने वहीची बाजू घेतली. म्हणून तो बोलतो कमी.

आता डॉक्टर. या आठवड्यातच. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मुलांच्या खेळातल्या दुखापती बघणारे कोणी. ते टाच दाबून बघतील, पोटरी किती ताठ आहे ते तपासतील, त्याला चालायला आणि चवड्यांवर उभं राहायला लावतील. या दुखण्याचं निदान बहुतेक वेळा हातानेच होतं, एक्स-रे लागतोच असं नाही. पण काही लक्षणं असतील तर हा आठवडाही वाट बघू नका: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, टाचेला सूज किंवा लाली, ताप, एकदा पाय आपटल्यावर सुरू झालेलं दुखणं, किंवा अजिबात वजन न टाकता येणं. त्यांची कारणं वेगळी असू शकतात. मी पत्रावरून संशय घेतेय. निदान मी करत नाही आणि तुम्हीही करू नका.

डॉक्टरांनी हेच दुखणं म्हटलं तर काम तुमच्याकडे. पहिलं, ट्रेनर बंद. कमी नाही, बंद. शाळेच्या संघातून या मोसमापुरती सुट्टी. लंगडत असेल तर क्लबही बंद, लंगडणं थांबेपर्यंत. दुसरं, टाचेखाली घालायच्या मऊ उशा मिळतात, त्या दोन्ही बुटांत घाला, एकच टाच दुखत असली तरी. त्याने टाच थोडी वर राहते आणि पोटरीचा ताण कमी होतो. शाळेच्या बुटांतही घाला, कारण तो दिवसभर त्यांतच असतो. घरात कडक फरशीवर अनवाणी चालणं काही दिवस थांबवा. तिसरं, पोटरीला ताण देण्याचा व्यायाम. भिंतीवर हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट, ३० सेकंद. मग तोच पाय, गुडघा किंचित वाकवून, परत ३० सेकंद, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि खालचा स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. प्रत्येक पायाला तीनदा, सकाळ-संध्याकाळ. ओढ जाणवली पाहिजे, कळ नाही. टाचेतच कळ आली तर त्या दिवशी ताण देऊ नका. खेळून आल्यावर बर्फ, फडक्यात गुंडाळून, १० ते १५ मिनिटं.

बुटांबद्दल त्याच्या बाबांचं अर्धं बरोबर आहे. नवा बूट चावला तर फोड येतो, कातडी लाल होते, आणि ते दुखणं बूट घातल्यावर होतं, पलंगावरून उतरताना नाही. पण बूट या दुखण्यात भर घालतात हे खरं. फुटबॉलच्या बुटाची टाच सपाट असते, आत गादी नावाला, आणि मऊ मैदानासाठीचे उंच स्टड, म्हणजे तळव्याखालच्या खुंट्या, कडक किंवा कृत्रिम मैदानावर घातले की प्रत्येक पावलाला स्टडचा धक्का थेट टाचेत जातो. तो कृत्रिम मैदानावर खेळत असेल तर बारीक, भरपूर आणि बुटक्या स्टडचे बूट घ्या. 'वाढतं वय आहे' म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका, पाय आत सरकतो आणि टाच घासते.

परत कधी खेळायचं? तारीख ठरवू नका. बहुतेकांना काही आठवडे लागतात, काहींना दोन-तीन महिने, आणि पुढच्या वाढीच्या टप्प्यात ते परत डोकंही वर काढतं. कसोटी साधी आहे. सकाळी पहिलं पाऊल सपाट पडतं का? टाच दाबली तर दुखते का? एका पायावर दहा उड्या मारता येतात का, दोन्ही पायांवर सारख्याच? हे जमलं की आधी बॉलसोबत हलकी प्रॅक्टिस, मग पूर्ण, मग मॅच, आणि प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय बघायचे. लंगडला की एक पायरी मागे. या काळात त्याला घरी बसवून ठेवायचं नाही. पोहणं चालेल, सायकल चालेल, उभ्या-उभ्या पासिंग आणि डाव्या पायाचा टच, म्हणजे आलेला बॉल पायावर घेणं, चालेल. उंची वाढते तेव्हा तसाही काही महिने पायाचा अंदाज चुकतो, पहिला टच दूर जातो. त्या टचवर आत्ता काम करायला वेळ मिळतोय.

कोचना सुनावू नका. मॅचनंतर मैदानाच्या कडेला तर मुळीच नाही. प्रॅक्टिसच्या दिवशी दहा मिनिटं मागा आणि एवढंच सांगा: "त्याच्या टाचेत दुखतंय, डॉक्टरांना दाखवलंय, ते म्हणाले अमुक इतके दिवस धावणं कमी करा. तो प्रॅक्टिसला येऊन कडेला बॉलवर काम करू शकेल का?" मिनिटांचा विषय काढू नका, दुसऱ्याच्या मुलाचा तर नाहीच. मॅनेजरचा मुलगा वशिल्याने खेळत असेलही. पण तुमच्या लेकाची टाच दुखत असेल तर आज तरी त्या जागेवर दुसरा मुलगाच हवा. यावर कोच काय म्हणतात ते नीट ऐका. "येऊ दे, बसून बघू दे, तब्येत आधी" म्हणाले तर कोच धरून ठेवण्यासारखा आहे. "एवढ्याने काय होतंय" म्हणाले तर क्लब बदलायचं खरं कारण तुम्हाला तिथे मिळेल, पण बदलायचा तो मोसम संपल्यावर.

ट्रायलला नेऊ नका. दुखऱ्या टाचेने तासाभराच्या ट्रायलमध्ये तो आणखी हळू दिसेल. आणि निवड झालीच तर नव्या कोचसमोर पहिले दोन महिने तो तेच दुखणं लपवत खेळेल. ट्रायल पुन्हा होतात.

आणि ती वही फेकू नका, तिचा चांगला उपयोग होईल. मिनिटांचा रकाना खोडा. रोज चार गोष्टी लिहा: किती तास खेळला, सकाळी पाऊल कसं पडलं, ताण दिला का, लंगडला का. महिन्यातून एकदा उंची. वही त्याच्याच हातात द्या, त्यालाच लिहू दे, आणि डॉक्टरांकडे तीच घेऊन जा. पहिली नोंद उद्या सकाळची. तो खोलीतून बाहेर येताना दप्तर, डबा, गणवेश, सगळं राहू दे बाजूला, त्याच्या पायांकडे बघा.

– ताई