तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : भान सुटतं तेव्हा शरीर सांभाळायचं कसं?

प्रश्न : वय ३४. लहानपणी घरात खूप मारहाण सोसली. आता ऑफिसात कुणी आवाज चढवला तरी हातपाय बधिर होतात, ओठांभोवती मुंग्या येतात आणि समोरच्याचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आहेत. योगवर्गातल्या ताई म्हणाल्या, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या. त्यानं त्रास वाढतोच. माझंच काही चुकतंय का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. तो सल्लाच या त्रासासाठी चुकीचा आहे.

तुमच्या पत्रात दोन वेगळी लक्षणं आहेत. बधिरपणा हा डिसोसिएशनचा, म्हणजे शरीराशी आणि भोवतालाशी जाणिवेचा धागा तुटण्याचा, भाग. पळता येत नाही आणि प्रतिकारही करता येत नाही, अशा वेळी मेंदू वेदना आणि जाणीव दोन्ही मंद करतो. लहानपणी त्यानं तुम्हाला वाचवलं. आता धोका नसतानाही, निव्वळ चढ्या आवाजावर तेच बटण दाबलं जातं. मुंग्या मात्र बहुतेक वेळा श्वासामुळे येतात. घाबरल्यावर आपण नकळत जास्त हवा आतबाहेर करतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे ओठांभोवती नि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात, डोकं हलकं होतं आणि आजूबाजूचं सगळं खोटं वाटू लागतं. अशात छाती भरून दीर्घ श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो. वर डोळे मिटले की ‘मी आत्ता इथे आहे’ हे सांगणाऱ्या खुणाही जातात, उरतात फक्त आतल्या आठवणी.

म्हणून डोळे उघडेच ठेवा. आडवं होऊ नका, पाठ भिंतीला किंवा खुर्चीला टेकवून बसा. दोन्ही टाचा जमिनीवर पाच सेकंद जोरात दाबा आणि सोडा, असं पाच-सहा वेळा. मग मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत खोली बघा: दार कुठे, खिडकी कुठे, बाहेर पडायची वाट कुठली. आजचा वार, साल, गाव आणि स्वतःचं वय पुटपुटत का होईना, पण तोंडानं म्हणा. यात वय सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्या क्षणी शरीर सात-आठ वर्षांचं झालेलं असतं. श्वासाकडे सगळ्यात शेवटी वळायचं. नाकानं, शेजारच्याला कळणार नाही इतका छोटा श्वास तीन सेकंदांत आत घ्या, पाच-सहा सेकंदांत बाहेर सोडा. रोखायचा नाही. दोन-तीन मिनिटं पुरे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. दमा किंवा हृदयविकार असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

बहुतेकांचं गाडं अडतं ते इथे: हे सगळं ऐन वेळी पहिल्यांदा करून बघतात. त्या वेळी विचार करणारा मेंदू अर्धा रजेवर असतो. रोज दोनदा, मन शांत असताना दोन मिनिटं सराव करा आणि त्यातल्या तीनच पायऱ्या कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवा.

भान यावं म्हणून हातात बर्फ धरलेला चालेल, पण रुमालात गुंडाळून आणि अर्ध्या मिनिटापुरताच, कारण बधिर कातडीला इजा झालेली कळत नाही. मनगटावर रबरबँड मारून घेणं किंवा चिमटे काढणं आम्ही सुचवत नाही. वेदनेनं भान येतं खरं, पण हळूहळू तिचीच सवय लागते. बधिरपणा असताना गॅस, इस्त्री, गरम पाण्याची पिशवी यांपासून लांब राहा. भूक, तहान, लघवीची जाणीवही अशा काळात बुजते, त्यामुळे जेवणं घड्याळावर ठेवा. रिकाम्या पोटी आणि अपुऱ्या झोपेत भान सुटण्याचं प्रमाण वाढतं.

एक इशारा: प्रत्येक मुंगी लहानपणीच्या मानसिक आघाताच्या खात्यावर टाकू नका. शाकाहारी असाल तर बी-१२ची पातळी तपासली आहे ना, ते रिपोर्टात बघा. आणि अचानक एकाच बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर वरचं काहीही न करता १०८ ला फोन.

प्रश्न : पत्नीला वर्षभरापासून झटके येतात. खाली कोसळते, दातखीळ बसते, डोळे घट्ट मिटलेले, कधी पंधरा-वीस मिनिटं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत-लहरींची नोंद) नॉर्मल आला. घरातली वडीलधारी म्हणतात अंगात येतं. एक डॉक्टर म्हणाले नाटक आहे. तिच्यावर पूर्वी अत्याचार झाला होता, हे फक्त मला माहीत आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाटक नाही आणि अंगात येणंही नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं फंक्शनल झटक्यांशी जुळतात. म्हणजे शरीरावरचा ताबा सुटतो, पण मेंदूत अपस्माराची (मिरगी, फिट्स) विद्युत-लहर नसते. अपस्माराचा झटका बहुधा एक-दोन मिनिटांत थांबतो आणि त्यात डोळे सहसा उघडे असतात. डोळे घट्ट मिटलेले असणं आणि झटका लांबणं, या दोन्ही खुणा फंक्शनल झटक्याकडे बोट दाखवतात. मात्र निदान या खुणांवर करू नका. साधा ईईजी अपस्मारातही नॉर्मल येऊ शकतो आणि दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असू शकतात. झटका चालू असतानाचं चित्रण आणि मेंदूची नोंद एकाच वेळी होते ती तपासणी, म्हणजे व्हिडिओ ईईजी, न्यूरॉलॉजिस्टकडे मागा. पत्नीची आधीच संमती घेऊन मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ काढून ठेवलात तर डॉक्टरांना मोठी मदत होते. अपस्माराच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका.

झटक्याच्या वेळी घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, चष्मा काढा, कुशीवर वळवा. दातखीळ उघडायला चमचा घालू नका, दात तुटतात आणि श्वास अडकू शकतो. हातपाय दाबून धरू नका. अत्याचार सोसलेल्या बाईला दाबून धरणं म्हणजे शरीरानं तोच प्रसंग पुन्हा भोगणं. कांदा नाकाशी धरायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. उग्र वासानं भान येतं, हे खोटं नाही. पण तो वास तिनं स्वतः निवडलेला हवा, निलगिरी असो की लिंबाचं साल, आणि तो तिच्या हातात द्यायचा. नाकात कोंबायचा नाही.

तुम्ही फूटभर लांब बसा आणि संथपणे बोला: ‘मी अमुक, आपण घरी आहोत, दार उघडं आहे.’ प्रश्न विचारू नका. बघ्यांना खोलीबाहेर काढा. निदान पक्कं होईपर्यंत झटका पाच मिनिटांपलीकडे गेला, ओठ निळे पडले, डोक्याला मार लागला किंवा ती गरोदर असेल, तर १०८. आणि डॉक्टरांना तिचा भूतकाळ सांगायचा की नाही, हे तिनंच ठरवायचं.

प्रश्न : अपघातानंतर स्कूटर चालवताना सगळं काचेपलीकडे दिसतं, हात आपले वाटत नाहीत. चालवत राहू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. असं सुरू झालं की इंडिकेटर देऊन डावीकडे थांबा, इंजिन बंद करा, उतरून पाय जमिनीला लावा. भान परतल्यावरही निदान अर्धा तास गाडीला हात नको. आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत बस किंवा रिक्षा. गांजा ओढत असाल तर तो आधी बंद करा, त्यानं ‘काचेपलीकडचं’ वाटणं वाढू शकतं.

प्रश्न : असं भान सुटण्यावर गोळी आहे का? जायचं कुणाकडे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : डिसोसिएशनवरची म्हणून खास गोळी नाही. सोबत असलेलं नैराश्य, झोप न येणं, पॅनिक यांवर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात आणि ते उपयोगी पडतं. मुख्य उपचार बोलण्याचा, म्हणजे आघातावर काम करणारी मानसोपचार पद्धत. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा: ‘मध्येच माझं भान सुटलं तर तुम्ही काय कराल?’ ज्याच्याकडे उत्तर नाही, किंवा जो पहिल्याच दिवशी सगळी हकिकत खोदून काढू पाहतो, त्याला सोडून दुसरा बघा. आधी स्वतःला सावरायची साधनं हाती यायला हवीत, हकिकत नंतर.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर भेटीच्या तारखेची वाट न बघता आजच फोन करा. डॉक्टरकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: कधी झालं, आधी काय घडलं, शरीरात पहिलं काय जाणवलं, किती मिनिटं टिकलं, कशानं उतरलं.