सहल दिवाळीनंतर की संक्रांतीला? हिशेब मांडून बघू

प्रश्न: आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मी सत्तेचाळीस, हे एकावन्न. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९२,०००. घराचा हप्ता २४,०००, लेकीच्या शिक्षणासाठी एसआयपी १२,०००, घरखर्च आणि तिचं होस्टेल मिळून ४२,०००. उरलेले कुठे जातात कळत नाही. ३,२०,००० ची एफडी आहे, २०,००० बाजूला आहेत. ह्यांच्या कोल्हापूरच्या मित्राची यंदा बायपास झाली. तेव्हापासून ह्यांनी धोशा लावलाय की दिवाळी झाली की गाडी काढायची, वडोदरा, नाशिक, कोल्हापूरच्या मित्रांना भेटायचं, वाटेत गड चढायचे, दांडेलीला राफ्टिंग करायचं. सोळा दिवसांचे दीड लाख धरलेत. पर्सनल लोन घ्यावं, एफडी मोडावी की वर्षभर एसआयपी थांबवावी?

ताई, नमस्कार.

तुम्ही जा. मित्राच्या बायपासनंतर जे वाटलं ते खरं आहे आणि तुमच्या मिळकतीत ही सहल बसते. मात्र तुम्ही लिहिलेल्या तीनही वाटा मला पटत नाहीत.

आधी लोन. दीड लाख १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याला ७,२०० च्या आसपास हप्ता बसेल आणि व्याजापोटी जवळपास २३,००० जातील. प्रोसेसिंग फी वेगळी. तुमच्या सगळ्या हॉटेल मुक्कामांचा खर्च जेवढा होईल, तेवढं नुसतं व्याज. एफडी मोडणं त्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडतं, मुदतीआधी काढली म्हणून बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापते, एवढंच. तरी मी नाही म्हणतो. हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च ६६,००० आहे, म्हणजे ही एफडी पाच महिनेसुद्धा पुरणार नाही. पन्नाशीतली दोन माणसं लांबच्या रस्त्याला निघताना हाच पैसा मागे शाबूत हवा. आणि एसआयपी लेकीची आहे, तिला हात लावू नका.

माझं म्हणणं, दिवाळीनंतरऐवजी संक्रांतीला निघा. दिवाळीच्या सुट्टीत हॉटेलांचे भाव चढलेले असतात. जानेवारीच्या मध्यावर ते उतरतात आणि रस्त्यावर खायला मिळतं तेही खास असतं. १३ जानेवारीला वडोदऱ्यात पोहोचलात तर १४ ला उत्तरायण मित्राच्या गच्चीवर साजरं होईल, ताटात उंधियू असेल. पोंक, म्हणजे ज्वारीचे कोवळे भाजलेले दाणे, त्याच दिवसांत मिळतो, पुढे महाराष्ट्रात हुरडा. सेव-उसळ, नाशिकची मिसळ, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा तर बारमाही. नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या खड्या कातळपायऱ्या चढायलाही थंडीच बरी.

आता खर्च. फिरणं धरून २,८०० किलोमीटर होतील. लिटरला पंधराचा ॲव्हरेज धरला तर पेट्रोल २०,०००. आपल्या मध्य प्रदेशात पेट्रोलवर व्हॅट जास्त आहे, म्हणून इंदूरहून निघताना टाकी फुल करू नका, गुजरातची हद्द ओलांडून भरा. फास्टॅगचा वार्षिक पास सुमारे ३,००० ला मिळतो, त्यात राष्ट्रीय महामार्गांवरच्या २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. राज्य महामार्गांवर तो चालत नाही. आठ रात्री हॉटेल २२,४००, बाकी मित्रांकडे. जेवणखाण १६,०००. राफ्टिंग, वाटाड्या वगैरे १५,०००. दांडेलीचं राफ्टिंग सुपा धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतं, तेव्हा आधी फोन करा, पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका.

मित्रांकडचा मुक्काम फुकट धरलात, तिथे मात्र ८,००० लिहा. इथून शेव-मिठाई न्याल, एकदा सगळ्यांना बाहेर जेवायला न्याल. ज्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय त्याच्या घरी चार दिवस राहायचं, तर वहिनींवर स्वयंपाकाचा भार पडू देऊ नका.

गाडी तुमचीच न्या, भाड्याने एसयूव्ही नको. सर्व्हिसिंग आणि दोन टायर मिळून १४,००० धरा. हा खर्च खरं तर सहलीचा नाहीच, जुन्या गाडीला तो कधीतरी करावाच लागतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीचा टायर बिजासनच्या घाटात फुटला. नक्षी चांगली खोल होती, पण टायर सात वर्षांचा होता. शेजारी आई बसली होती. रात्री क्रेनवाल्याने सांगितले तेवढे रोख मोजावे लागले. त्यानंतर गाडीच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स मी कधी सोडलेला नाही. तुमच्या पॉलिसीत आहे का, आजच बघा.

वर १०,००० राखीव ठेवले तरी बेरीज १,०८,४०० होते. तुमच्या दीड लाखापेक्षा बरीच कमी.

ते उभे कसे करायचे? आत्ता ऑगस्ट सुरू आहे. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी १२,००० ची रिकरिंग डिपॉझिट सुरू करा. ‘उरलेले कुठे जातात’ ते हेच पैसे, फक्त उरण्याआधी बाजूला काढलेले. डिसेंबरपर्यंत ६०,००० होतील. दिवाळीच्या बोनसमधले ३०,००० आणि बाजूचे २०,००० मिळवले की काम झालं. बोनस कमी आला तर दांडेली वगळा, कोल्हापूर नको. यजमानांच्या पगारात एलटीए, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासाचा भत्ता असेल आणि जुनी करप्रणाली घेतली असेल, तरी सवलत फक्त प्रवासभाड्याला असते, राहण्या-खाण्याला नाही. ती या हिशेबात धरू नका.

कोल्हापूरला मात्र तारीख आजच कळवा. त्यांच्या तपासण्यांच्या तारखा असतील, त्या सांभाळून तुमचे तिथले चार दिवस ठरवा, बाकी रस्ता त्याभोवती आखता येईल.