अक्षराचं नाव वेगळं, आवाज वेगळा

प्रश्न : मुलगा सीनिअर के.जी.त आहे. ए टू झेड तोंडपाठ, पण ‘कॅट’ वाच म्हटलं की ‘सी-ए-टी’ म्हणून थांबतो. मी आवाज शिकवायला गेले, तर ‘कअ-ॲ-टअ’ होतं. शब्द काही जुळत नाही.
– एक आई, ऐरोली

उत्तर : ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही नावं आहेत. ती कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघणार नाही. ‘कअ’ची अडचण मात्र आपल्या मराठीतून आली आहे, कारण आपल्या ‘क’मध्ये ‘अ’ मिसळलेलाच असतो. उपायही मराठीतच आहे : पाय मोडलेलं अक्षर. त्याला ‘क्’, ‘ट्’, ‘म्’ असे तोडके आवाज ऐकवा.

सुरुवात ‘कॅट’ने करूच नका. ‘क्’ आणि ‘ट्’ लांबवता येत नाहीत. ‘स्’, ‘म्’, ‘न्’, ‘फ्’ लांबवता येतात, त्यामुळे ‘म्‌म्‌म्-ॲ-न्‌न्‌न्’ म्हणता म्हणता ‘मॅन’ आपोआप जुळतो. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांत सॅट, पिन, टिप, नॅप असे कितीतरी शब्द बनतात. ते हाताशी आले की उलट खेळा. तुम्ही ‘शिप’ म्हणा, त्याने बोटांवर आवाज मोजायचे. आवाज तीन, अक्षरं चार, कारण एस आणि एच मिळून एकच ‘श्’ देतात. स्पेलिंगचा पाया इथेच पडतो. दहा दहा वेळा लिहून तो पडत नाही. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, म्हणून घाई नको. रोज दहा मिनिटं पुरेत.

प्रश्न : पहिलीतली मुलगी ठाणे स्टेशनवरची इंग्रजी पाटी (Thane) ‘थेन’ अशी वाचते. सगळे हसतात.
– एक बाबा, कळवा

उत्तर : कृपया हसू नका, तिला शाबासकी द्या. टी-एच म्हणजे ‘थ्’, आणि शेवटी मुका ई आला की आधीचा ‘ए’ स्वतःचं नाव सांगतो : ‘टॅप’चा ‘टेप’, ‘कॅन’चा ‘केन’. तिने दोन्ही नियम अचूक लावले. गावांची नावं आपली असतात, ती इंग्रजी नियम पाळत नाहीत, एवढंच तिला सांगा. त्याच पाटीवरचं देवनागरी ‘ठाणे’ तिच्याकडून आधी वाचून घ्या.

प्रश्न : नातू दुसरीत, मराठी शाळेत. एकेक अक्षर सुटं वाचतो. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो.
– एक आजी, नौपाडा

उत्तर : आजी, त्याचं सगळं लक्ष अक्षर ओळखण्यातच जातं, अर्थाला काही उरत नाही. चार-पाच ओळींचा एकच उतारा घ्या. आधी तुम्ही बोट फिरवत वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. तोच उतारा तीन-चार दिवस. मोठ्यांच्या सोबतीने पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचल्यास ओघ वाढतो, हे अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनेही २००० साली नोंदवलं आहे. तो अडला की लगेच शब्द पुरवू नका, थोडं थांबा. ‘र’कडे खास लक्ष द्या. ‘सर्प’मध्ये रफार ‘प’च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चार ‘प’च्या आधी होतो, ‘चक्र’मध्ये तो ‘क’नंतर होतो. मुलं नेमकी इथे अडखळतात. आणि १८९३पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय तुमच्याच शहरात आहे. एकदा त्याला तिथे घेऊन जा.

प्रश्न : ऱ्हस्व-दीर्घ कानाने कळेल का?
– एक शिक्षिका, घणसोली

उत्तर : नेहमी नाही. बोलताना फरक पुसट होतो, म्हणून इथे नियमच हवा. ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘गरीब’ पण ‘गरिबाला’ अशा जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि बदल मुलांनाच शोधू द्या.