‘काळी बुरशी’ : काळे नेमके काय?

प्रश्न असा आहे : म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ म्हणतात, तर ही बुरशी खरेच काळी असते का, आणि मराठीत हे नाव वापरावे का?

बुरशी काळी नसते, काळे पडते ते माणसाचे मांस. म्युकर गटातल्या बुरशीचे, विशेषतः ऱ्हायझोपसचे, तंतू रुंद आणि रंगहीन असतात. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात, आत गुठळ्या होतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि नाकातला किंवा टाळूवरचा तेवढा भाग मरून काळा पडतो. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या संगतीने हे रुग्ण वाढले, तेव्हा बातम्यांनी त्या खपलीचा रंग बुरशीला देऊन टाकला. मग पाठोपाठ पांढरी आली, पिवळीही आली! (शिळ्या पावावरच्या ऱ्हायझोपसवर काळे ठिपके दिसतात, हे खरे. त्या बीजाणूंच्या पिशव्या; रुग्णाच्या शरीरात त्या सहसा तयार होत नाहीत.)

भांडण रंगापुरते असते तर मी सोडून दिले असते. पण बुरशीतज्ज्ञांच्या लेखी ‘काळ्या बुरश्या’ हा वेगळाच गट आहे. त्यांच्या पेशीभित्तिकेत मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य असते; मेंदूत गळू करणारी क्लॅडोफियालोफोरा बॅन्टियाना त्यातलीच. उपचारही वेगळे. या खऱ्या काळ्या बुरश्यांवर व्होरिकोनॅझोल वापरतात, म्युकरवर त्याचा उपयोग होत नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन बी लागते, शिवाय मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटते. आपल्या पेशींतले कोलेस्टेरॉल त्याच्याच भाऊबंदांपैकी, त्यामुळे औषधाची झळ आपल्यालाही लागते, मूत्रपिंडांना जास्तच.

‘कवक’ म्हणावे का, असेही विचारले आहे. भूछत्र, यीस्ट, बुरशी या सगळ्यांना एकत्र घ्यायचे तर कवक हवेच, विश्वकोशातही तेच आहे. रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलताना मात्र बुरशीच बरी. ‘बुरशीनाशक’ द्राक्षांवर फवारायला राहू द्यावे. शिरेतून द्यायच्या औषधाला ‘बुरशीविरोधी औषध’ म्हणावे. आणि आजाराला सरळ ‘म्युकर’. वॉर्डात सगळे तेच म्हणतात.