आपला प्रश्न, तज्ज्ञांचे उत्तर : गावी व्यवसायोपचार कोण देणार?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६८) तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. चालणे सुधारले आहे. परंतु उजव्या हाताने घास उचलता येत नाही, सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी सुचवली आहे. वडील मात्र कणकवलीजवळच्या आमच्या गावी परतण्याचा हट्ट धरून बसले आहेत. तिथे फिजिओथेरपिस्ट आहेत, पण हा उपचार करणारे कोणी सापडले नाही. काय करावे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : शोधाची सुरुवात गावापासून नव्हे, तर मुंबईतूनच करावी, असे मी सुचवेन. या शास्त्राला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात आणि त्याचे भारतातील पहिले विद्यालय कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये परळच्या के.ई.एम. रुग्णालयातच सुरू झाले. के.ई.एम., शीव व नायर या महापालिका रुग्णालयांत, तसेच हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत हा विभाग आहे. वडील निघण्यापूर्वी तेथे त्यांची पूर्ण तपासणी करून घ्या आणि घरी करायचा कार्यक्रम लिहून मागा. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असल्यामुळे ही तपासणी लांबणीवर टाकू नये.

तपासणीला जाताना गावच्या घराची छायाचित्रे न्यावीत. न्हाणीघर, शौचालय, उंबरठा, अंगणातून ओटीवर चढण्याच्या पायऱ्या आणि जेवायची जागा हे सारे पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला अर्धाच ठरतो. पाटावरून उठणे जड जात असेल तर जेवण टेबलावर घ्यावे लागेल, पायऱ्यांना कठडा लागेल, चमच्याची मूठ जाड करावी लागेल, लेंग्याला नाडीऐवजी इलॅस्टिक चालेल. व्यवसायोपचाराचा बराचसा भाग अशा रोजच्या कामांचाच असतो.

कणकवलीचे फिजिओथेरपिस्ट हाताचे व्यायाम या लेखी कार्यक्रमानुसार घेऊ शकतील. मात्र त्यांची मुंबईच्या तज्ज्ञांशी फोनवर गाठ घालून द्यावी आणि दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी ठेवावी. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. ती करताना ‘व्यवसायोपचार तज्ज्ञ’ असे पूर्ण नाव घ्यावे, कारण ऑक्युपेशनल थेरपीला नुसते ‘ओटी’ म्हटल्यास ऑपरेशन थिएटरकडे, म्हणजे शस्त्रक्रियागृहाकडे बोट दाखवले जाते. (कोकणात तर ओटी म्हणजे घराची पुढची, बसाउठायची जागा.) कोणी घरी येऊन उपचार करण्याची तयारी दाखवली, तर त्यांची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेकडील नोंदणी पाहिल्याशिवाय पैसे ठरवू नयेत.

घरच्यांना दोन गोष्टी आजच सांगून ठेवाव्यात. वडिलांना उठवताना दुबळा हात धरून ओढू नये, कारण त्याने खांदा निखळू शकतो. आणि त्या हाताची संवेदना कमी झाली असल्यास कढत तेल किंवा गरम पाण्याची पिशवी लावू नये. भाजले तरी त्यांना कळणार नाही.